शिवसागर जलाशय : एका 'दुर्गम' निसर्गस्थळाची ऐतिहासिक जडणघडण

१

साताऱ्याहून कासच्या पठारावरून पश्चिमेस उतरणारा रस्ता बामणोली येथे पाण्याच्या काठाशी येऊन थांबतो. महाबळेश्वराहून तापोळ्यास उतरणाऱ्या रस्त्याचीही स्थिती फारशी निराळी नाही. दोन्ही ठिकाणांहून पुढील प्रवास नावेने करण्याचा प्रघात आहे. कोयनेच्या धरणामागे पसरलेला सुमारे ५० किलोमीटर लांबीचा हा जलाशय 'शिवाजीसागर' किंवा 'शिवसागर' ह्या नावाने ओळखला जातो. पावसाळा सरल्यावर पुण्या-मुंबईहून येथे येणाऱ्या प्रवाशांची संख्या गेल्या काही दशकांत पुष्कळच वाढली आहे. नौकाविहार करणे, पलीकडच्या तीरावर उतरून वासोटा किल्ल्याची चढण चढणे आणि काठावर तंबूत रात्र काढणे हा त्यांचा सामान्य कार्यक्रम असतो. ह्या स्थळाची वर्णने वाचली असता 'दुर्गम' आणि 'अस्पर्श' ही दोन विशेषणे त्यांत जवळजवळ नियमाने आढळतात.

ही विशेषणे इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. जलाशयात पाणी साठू लागले ते १९६१ मध्ये. म्हणजे आज जे दृश्य अनादि वाटते, त्याचे वय सहा-सात दशकांहून अधिक नाही. परंतु केवळ पाणीच नवे आहे असे म्हणून भागणार नाही. येथील एकांत आणि प्रवासाची दुष्करता ह्यांचाही बराच भाग त्या पाण्याबरोबरच आला. खोऱ्यात माणसांची दाट ये-जा होती, ती तुटली आणि मागाहून त्या तुटलेपणालाच निसर्गाचे लेणे मानले गेले. हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून शिवसागराच्या सौंदर्याचा अर्थ नीट लागत नाही.

२

कोयना ही महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी एक. कृष्णा आणि वेण्णा पूर्वेकडच्या खोऱ्यांत उतरतात, सावित्री पश्चिमेस कोकणात जाते, आणि कोयना मात्र सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर अशी सरळ दक्षिणेकडे वाहते. सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस गेल्यावर हेळवाकपाशी ती एकाएकी पूर्वेस वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. वरच्या अंगास सोळशी, कांदाटी आदी नद्या तिला येऊन मिळतात. नदीची ही दक्षिणोत्तर गती ह्या खोऱ्याच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे. दोन्ही बाजूंस उंच डोंगर आणि मध्ये लांबट, अरुंद तळ अशी रचना असल्यामुळे वस्ती, भाताची खाचरे आणि वाटा ही सारी नदीच्या अंगानेच मांडली गेली. उतारांवर नाचणी आणि वरी पिकत असे, पण गावाचा जीव तळच्या खाचरांत होता.

ह्या मुलुखाची जुनी ख्याती अर्थातच दुर्गमतेची आहे. आदिलशाहीच्या काळात 'चंद्रराव' हा किताब धारण करणारे मोरे जावळीत नांदत होते. १६५६ मध्ये शिवाजीमहाराजांनी जावळी हस्तगत केली, लगोलग प्रतापगडाची उभारणी झाली, आणि १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखानाचा निकाल ह्याच अरण्यात लागला. तेव्हा जावळी दुर्गम होती ह्यात शंका नाही. परंतु ती कोणाला दुर्गम होती, हा प्रश्न विचारला पाहिजे. 'दुर्ग' आणि 'दुर्गम' हे दोन्ही शब्द 'गम्' ह्या एकाच धातूपासून आलेले आहेत. जेथे जाणे कठीण तो दुर्ग. ह्या अर्थात जाणाऱ्याची भूमिका गृहीत असते. हत्ती, तोफा आणि मोठा बुणगा घेऊन येणाऱ्या सैन्याला जे खोरे दुर्गम, तेच तेथल्या रहिवाशाला परिचित पायवाटांचे जाळे होते. जावळीचे सामर्थ्य ह्या भेदातच साठवलेले होते. परक्यास वाट मिळू नये आणि आपल्यास ती सहज मिळावी, अशी ती दुर्गमता होती.

खोऱ्यातील स्थलनामे ह्या गोष्टीस पुष्टी देतात. वासोट्याच्या पायथ्याच्या गावाचे नाव मेट इंदवली. किल्ल्याच्या वाटेवर पहाऱ्यासाठी बसविलेल्या चौकीस 'मेट' म्हणत. जेथे मेट असते तेथे वाट असते, आणि जेथे वाटेवर पहारा ठेवावा लागतो तेथे रहदारी असते. बामणोली तर्फ कुडाळ, दरे तर्फ तांब ह्यांसारख्या नावांतील 'तर्फ' हा महसुली विभागाचा वाचक शब्द. त्यावरून ही गावे एका सलग, हिशेबी व्यवस्थेत बांधलेली होती हे उघड होते. वासोट्याच्या दक्षिणेस नागेश्वराचे लेणे आहे आणि तेथून कोकणात खेड तालुक्यातील चोरवण्याला वाट उतरते. महाशिवरात्रीस घाटावरचे आणि कोकणातले भाविक ह्या एकाच देवस्थानी येतात. सह्याद्रीची धार ही येथे दोन मुलुखांमधली भिंत नव्हती, तर दोहोंनी मिळून वापरलेला उंबरठा होता.

वासोट्याचा इतिहासही हेच सांगतो. हा किल्ला अरण्यात एकाकी उभा असला तरी राजकारणाच्या बाहेर कधीच नव्हता. शिवकालात आणि पुढे पेशवाईतही त्याचा उपयोग प्रामुख्याने कैदखाना म्हणून झाला. पेशवाईच्या उत्तरार्धात पंतप्रतिनिधींच्या पक्षाची ताई तेलीण हिने तो लढविला, आणि बापू गोखल्यांना त्यास वेढा घालावा लागला. १८१८ मध्ये इंग्रजी फौज येथे आली तेव्हा साताऱ्याच्या राजघराण्यातील मंडळी आणि दोन इंग्रज अधिकारी वर अटकेत होते. त्या वर्षीच्या एप्रिलात तोफांच्या माऱ्यानंतर किल्ला पडला. ह्या साऱ्या घडामोडींना रसद, दूत, हुजऱ्या आणि ओझ्याचे बैल ह्यांची सततची वाहतूक लागत होती, आणि ती आज पाण्याखाली असलेल्या तळच्या वाटांनी होत होती.

३

खोऱ्याचे 'दृश्य' होण्यास प्रारंभ धरणापूर्वीच, एकोणिसाव्या शतकात झाला. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याच्या पुढाकाराने महाबळेश्वर येथे हवा खाण्याचे ठिकाण वसविण्यात आले. तेथे कड्यांवरील जागांना युरोपीय नावे देण्यात आली आणि 'पॉइंट' हा शब्द मराठीत रूढ झाला. ह्या शब्दाचा अर्थव्यवहार लक्षात घेण्याजोगा आहे. पॉइंट ही जेथून पाहायचे ती जागा. जे पाहायचे ते खाली, लांब आणि निःशब्द असते. महाबळेश्वराच्या दक्षिण व पश्चिम कड्यांवरून सोळशी आणि कोयना ह्यांची खोरी दिसत. खालच्या माणसाला जे शिवार, देवराई, गुरचराई आणि घाटवाट होते, ते वरच्या माणसाला धुक्यातली निळी दरी झाले.

तथापि पॉइंटवरून पाहणाऱ्याने दरीत काही बदलले नव्हते. खोऱ्याच्या तळाशी जीवन पूर्वीप्रमाणेच चालू होते, मात्र अपुऱ्या शेतीमुळे तरुण मुंबईची वाट धरू लागले होते. गिरण्या, गोदी आणि पुढे माथाडीचे काम ह्यांनी जावळी-पाटणच्या कित्येक कुटुंबांना आधार दिला. माथाडी कामगारांचे संघटक अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातले, ही गोष्ट आकस्मिक नाही. ह्या मुंबईकर चाकरमान्यांचा संबंध पुढे धरणाच्या कथेतही येतो.

४

कोयनेच्या पाण्यापासून वीज निर्माण करण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत टाटांच्या योजनांच्या संदर्भात पुढे आली होती, परंतु पहिले महायुद्ध आणि नंतरची आर्थिक ओढ ह्यांमुळे ती मागे पडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ती हाती घेतली. १९५४ मध्ये प्रकल्पाचा प्रारंभ झाला, १९६२ मध्ये पहिल्या टप्प्यातील वीज मिळू लागली आणि १९६४ मध्ये धरण पुरे झाले. सुमारे १०३ मीटर उंच आणि ८०८ मीटर लांब अशी ही भिंत नदी पूर्वेस वळण्याच्या अलीकडे, देशमुखवाडीजवळ उभी आहे. जलाशयाची साठवणक्षमता मूळची ९८.७८ अब्ज घनफूट होती. पुढे दरवाजांची उंची वाढविल्यावर ती १०५.२५ अब्ज घनफूट झाली.

ह्या योजनेचे तांत्रिक मर्म असे की, पूर्वेस वाहणारी नदी अडवून तिचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेले जाते. घाटमाथा आणि कोकण ह्यांच्या उंचीत जवळजवळ पावणेपाचशे मीटरांचा फरक असल्यामुळे पोफळीच्या भूगर्भातील वीजगृहात अल्प अंतरावर प्रचंड शक्ती मिळते, आणि वापरलेले पाणी वाशिष्ठीच्या खोऱ्यात चिपळूणकडे जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या निवाड्यात ह्या पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. चारही टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट झाली. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला खालून छेद देण्यात आला, आणि तशीच क्रिया २५ एप्रिल २०१२ रोजी पुन्हा करण्यात आली. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत ह्या विजेचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु ज्या भौगोलिक रचनेने हे शक्य केले, तिनेच खोऱ्याचे भवितव्यही ठरविले. नदीचा प्रवाह लांबट आणि दक्षिणोत्तर असल्यामुळे पाणी फुगले ते पसरट न होता मागे मागे सरकत गेले आणि बामणोली, तापोळ्यापर्यंत येऊन उपनद्यांच्या फाट्यांत शिरले. बुडाला तो तळ, म्हणजे खाचरे, गावठाणे, देवळे आणि वाटा. उरले ते उतार. सुमारे शंभर गावांना ह्या पाण्याची झळ पोहोचली. त्या काळी पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. भूसंपादन १८९४ च्या कायद्याने होत असे, आणि त्यात नुकसानभरपाईची तरतूद असली तरी जमिनीऐवजी जमीन देण्याचे बंधन नव्हते. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेचे पाणी चढून दीड दशक लोटल्यावर. काही कुटुंबे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) आणि ठाणे ह्या जिल्ह्यांत पांगली. काहींनी पाण्याच्या रेषेच्या वर, आपल्याच गावाच्या माथ्यावर घरे बांधली. मुंबईत आधीपासून पाय रोवलेल्या चाकरमान्यांकडे आणखी काही गेली. कोयना धरणग्रस्तांच्या जमिनीच्या मागण्या एकविसाव्या शतकातही आंदोलनांच्या रूपाने पुढे येत राहिल्या, ह्यावरून त्या निवाड्याचे अपुरेपण लक्षात येते.

पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. जलाशयातील पाणी आणि भूकंप ह्यांच्या संबंधाचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण ठरले. शांत दिसणाऱ्या पाण्याच्या खाली ही दुसरीही गोष्ट आहे.

५

जे लोक खोऱ्यात राहिले त्यांच्यापुढे पहिला प्रश्न दळणवळणाचा होता. पूर्वी समोरच्या गावास जावयाचे तर नदी उतरून जाता येई. आता त्याच दोन गावांमध्ये खोल पाणी आले. बाजार, दवाखाना, शाळा, कचेरी आणि सोयरीक ही सारी पलीकडच्या तीरावर गेली. शेती करणारी, नदीच्या उताराशी परिचित असलेली वस्ती एका पिढीत नावांवर अवलंबून राहू लागली. जिल्हा परिषदेच्या लाँच सुरू झाल्या. वाहने पलीकडे नेण्यासाठी तराफा आला. आजाऱ्यास झोळीत घालून काठापर्यंत आणणे आणि लाँचची वाट पाहणे हा येथील अनेकांचा अनुभव आहे.

पर्यटन उभे राहिले ते ह्याच साधनावर. वासोट्याकडे जाऊ इच्छिणाऱ्या गिर्यारोहकांना पाणी ओलांडणे भाग होते. नावा गावकऱ्यांकडे होत्या आणि त्या चालविण्याचे कौशल्यही त्यांनी गरजेपोटी मिळविले होते. यथावकाश बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे येथे प्रवाशांच्या नावांची व्यवस्था झाली, आणि ज्या कुटुंबांची खाचरे बुडाली होती त्यांतील काहींना पाण्यानेच उत्पन्नाचा मार्ग दिला. २०२४ मध्ये मुनावळे येथे शासनाच्या वतीने जलक्रीडांचे केंद्रही सुरू झाले. ज्या पाण्यावर वेगाने नाव हाकण्यात प्रवाशास आनंद वाटतो, त्याच पाण्यावर हळू चालणाऱ्या लाँचची वेळ चुकली म्हणजे गावकऱ्याचा दिवस बुडतो. एकाच प्रवासाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत आहेत.

अरण्याची कथाही अशीच आहे. १९८५ मध्ये कोयना वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. २०१० मध्ये ते आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कोयनेचा समावेश झाला. पाण्याने वाटा तोडल्यामुळे पश्चिम तीरावरचा माणसांचा वावर आधीच घटला होता, आणि अभयारण्याच्या नियमांनी तो आणखी कमी झाला. त्या वनाचे जैविक मोल वादातीत आहे. मात्र त्यास 'अस्पर्श' म्हणणे इतिहासाला धरून होत नाही. तेथे चौथरे आहेत, जोती आहेत, आणि माणसाने लावलेली झाडे आहेत. मेट इंदवलीत आज गाव नांदत नाही. तेथे वनखात्याची चौकी आहे आणि वासोट्यास जाणाऱ्यांची नोंद व तपासणी होते. 'मेट' ह्या शब्दाचा मूळ अर्थ असा अनपेक्षित रीतीने पुन्हा खरा ठरला आहे, फक्त ज्यांच्या बोलीत तो जिवंत होता ते लोक तेथे उरले नाहीत.

६

ह्या साऱ्या स्थित्यंतराचा उत्तम दाखला भाषेत मिळतो. 'धरण' ह्या शब्दाचा कोशातील अर्थ पाणी अडविणारा बांध असा आहे. धरणाकाठच्या मराठीत मात्र तो साठलेल्या पाण्यासही लागतो. 'धरण भरले', 'गाव धरणात गेले' ह्या प्रयोगांत भिंत अभिप्रेत नसून पाणी अभिप्रेत असते. अभियंत्याने भिंत पाहिली, गावकऱ्याने पाणी पाहिले, आणि शब्दाचा अर्थ गावकऱ्याच्या बाजूने सरकला. 'गाव उठले' हाही असाच प्रयोग. त्यात कर्ता गाव आहे. उठविणारा वाक्यातून गळून पडला आहे, जणू गाव आपण होऊनच उठून चालते झाले. 'धरणग्रस्त' ह्या शब्दाने ती उणीव भरून काढली. 'ग्रस्त' हे पद ग्रासले जाण्याचा निर्देश करते आणि कर्तृत्व धरणाकडे देते. चळवळीत आणि शासकीय कागदांत हा शब्द रुळला, ह्यात अर्थाची एक लढाई जिंकली गेली असे म्हणता येईल.

पर्यटनाने आणलेली नावे निराळ्या दिशेची आहेत. तापोळ्यास 'मिनी काश्मीर' म्हणण्याची रीत पडली. जलाशयाच्या ह्या भागास सर्रास 'बॅकवॉटर' म्हणतात. त्या शब्दाचा स्थापत्यातील अर्थ बांधामुळे मागे तुंबलेले पाणी एवढाच आहे, परंतु केरळच्या खाजणांची रम्य प्रतिमा त्यावर चढली आहे. खोऱ्याच्या विकासासाठी शासनाने आखलेल्या योजनेचे नाव 'नवीन महाबळेश्वर', आणि तिच्या कक्षेत दोनशेहून अधिक गावे येतात. ह्या तिन्ही नावांत एक समान धागा आहे. प्रत्येक नाव ह्या स्थळाची ओळख दुसऱ्या कोठल्यातरी स्थळाच्या आधाराने करून देते. सोळशी, कांदाटी, तांब, मेट, तर्फ ही खोऱ्याची स्वतःची नावे त्यांत येत नाहीत. पाण्याखाली जमीन गेली, तशी ह्या शब्दांखाली स्मृती जाण्याचा संभव आहे.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. स्थळ 'अस्पर्श' मानले की तेथे पूर्वी कोण होते हे विचारण्याचे कारण उरत नाही, आणि ते 'दुर्गम' मानले की तेथील गैरसोय हा निसर्गाचा दोष ठरतो, धोरणाचा नव्हे. उलट, ही दुर्गमता एका सार्वजनिक निर्णयातून निर्माण झाली हे मान्य केले, तर ती दूर करण्याचे दायित्वही सार्वजनिक ठरते. जलाशयावर पूल बांधण्याची जी कामे हाती घेण्यात आली आहेत, त्यांचा विचार ह्या दृष्टीने झाला पाहिजे. पूल पर्यटकांच्या मोटारींसाठी आहे की ज्यांची नदीवाट बुडाली त्यांच्यासाठी आहे, ह्यावर त्याची जागा, त्याची वेळ आणि त्याला जोडलेले रस्ते ठरतील. नव्या योजनेत जमिनीचे व्यवहार वाढतील तेव्हा एकदा जमीन गमावलेल्यांना ती दुसऱ्यांदा गमवावी लागणार नाही, हे पाहण्याची कसोटीही ह्याच इतिहासातून मिळते.

७

उन्हाळ्याच्या अखेरीस वीज व सिंचनासाठी पाणी सोडले गेल्यावर शिवसागराची पातळी पुष्कळ उतरते. काठांवर तांबड्या मातीचे उघडे पट्टे दिसू लागतात आणि जुन्या गावठाणांचे अवशेष वर येतात. प्रवाशांच्या दृष्टीने हा हंगाम गैरसोयीचा आहे. हिरवळ नसते, नाव दूर लागते, चिखल तुडवावा लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ह्याच दिवसांत खोरे वाचता येते. पाण्याच्या वरची रेषा आणि खालची रेषा ह्यांच्या मधल्या त्या उघड्या पट्ट्यात जावळीची वाट, प्रकल्पाचा हिशेब आणि उठलेल्या गावांची जोती एकत्र दिसतात.

ह्या विवेचनाचा निष्कर्ष शिवसागराचे सौंदर्य खोटे ठरविण्याचा नाही. ते सौंदर्य खरे आहे, आणि ते घडविण्यात निसर्गाइतकाच माणसाच्या निर्णयांचा हात आहे. स्थळदर्शनाच्या आपल्या परंपरेत क्षेत्राला गेल्यावर त्याचे माहात्म्य ऐकण्याची चाल आहे. तेथे काय घडले हे जाणल्याखेरीज दर्शन पुरे होत नाही, असा तिचा आशय. जलाशयांनाही हीच चाल लावावयास हरकत नसावी. महाराष्ट्रात मुळशी, भंडारदरा, पानशेत अशी कित्येक पाणलोटाची ठिकाणे विहारस्थळे झाली आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या तळाशी गावांची नावे आहेत. बुडालेल्या गावांची यादी, त्यांच्या वाड्या-वस्त्यांची व शेतांची नावे आणि स्थलांतरितांच्या बोलीतील शब्द ह्यांचे संकलन ज्या पिढीकडून होऊ शकते, ती पिढी आता वयोवृद्ध आहे. पाणी दर वर्षी उतरते आणि पुन्हा चढते. ह्या माणसांच्या स्मृतीला तशी मुभा नाही, म्हणून ते काम आधी हाती घेणे अगत्याचे आहे.